घर कोणत्या हवेसाठी बांधावे?

एखादे रुग्णालय, शाळा अथवा ग्रंथालय बांधावयाचे ठरले म्हणजे त्याचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याला अगदी आरंभीच एक आकडा निश्चित करावा लागतो. त्या गावी बाहेरची हवा किती तापेल असे धरून चालावयाचे, हा तो आकडा. भिंतींची जाडी, छपरावरील थर, खिडक्यांची दिशा, पंख्यांची संख्या आणि वातानुकूलन यंत्र बसवावयाचे असल्यास त्याची शक्ती, या सर्व गोष्टी त्याच्यावर अवलंबून असतात. या आकड्याला रचना-तापमान म्हणतात. तो काढण्याची रीत मोठी व्यवहारी आहे. वर्षाचे तास ८७६०. त्यांपैकी अगदी कडक उन्हाचे थोडे तास सोडून द्यावयाचे. कारण त्या मोजक्या तासांसाठी अवाढव्य यंत्र बसविणे कोणालाच परवडत नाही. शेकडा ०.४ तास सोडले तर ते सुमारे ३५ भरतात. शेकडा एक सोडले तर सुमारे ८८. उरलेल्या तासांत जे सर्वाधिक तापमान आढळते, तेवढ्याला पुरेल अशी इमारत उभारली म्हणजे वर्षातून काही दुपारी थोडा उकाडा सोसावा लागतो, बाकीचे वर्ष सुखाने जाते.

या रीतीत दोष काढण्यासारखे काही नाही. दोष आहे तो तिच्या मुळाशी असलेल्या गृहीतात. हा आकडा गेल्या वीस-तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेला असतो. म्हणजे पुढची पन्नास-साठ वर्षे उभ्या राहणाऱ्या इमारतीचा हिशेब मागच्या पिढीने सोसलेल्या उन्हावर मांडलेला असतो. हवामान म्हणजे जणू ‘मागील पानावरून पुढे चालू’ असा मजकूर! तसे ते राहिलेले नाही, आणि ही गोष्ट आता अनुमानाची उरलेली नसून मोजमापाची झाली आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली भारतीय प्रदेशाच्या हवामान-बदलाचे जे सविस्तर मूल्यमापन प्रसिद्ध झाले, त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले आहे.

०.७ अंश हा आकडा ऐकून कोणी हसेलही. सकाळ आणि दुपार यांच्यात याच्या कितीतरी पट फरक रोज पडतो. मग एवढ्याशा वाढीचे भय ते काय? परंतु सरासरीची वाढ ही नदीच्या पाण्याच्या पातळीसारखी असते. घाटाची सर्वांत वरची पायरी दहा-वीस वर्षांतून एखाद्या महापुरातच भिजत असेल, तर नदीची नेहमीची पातळी वीतभर वाढताच तीच पायरी वारंवार भिजू लागते. अभियंत्याने सोडून दिलेले ते ३५ तास या वरच्या पायरीवरचे आहेत. सरासरी किंचित सरकली की त्या तासांची संख्या सरासरीच्या प्रमाणात न वाढता अनेक पटींनी वाढते. कधीकाळी अपवाद म्हणून ज्यांना वगळले, तेच दिवस मग उन्हाळ्याचा नित्यक्रम होऊन बसतात. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली. असले विक्रम वर्तमानपत्रांत ठळकपणे छापले जातात. इमारतींच्या दृष्टीने मात्र विक्रमाच्या एका दिवसापेक्षा ४३-४४ अंशांचे लागोपाठ येणारे दहा दिवस अधिक जाचक होत.

याचे प्रत्यंतर अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात आले. त्या महिन्यात शहराचे तापमान ४६.८ अंशांपर्यंत गेले आणि नेहमीच्या मे महिन्याच्या मानाने १३४४ मृत्यू अधिक झाले, असे पुढे झालेल्या अभ्यासातून निष्पन्न झाले. त्याच उन्हाळ्यात शहरातील एका रुग्णालयात नवजात बालकांविषयी जी माहिती संशोधकांनी गोळा केली, ती घरबांधणीशी संबंध असलेल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. तापमान ४२ अंशांच्या वर गेल्यानंतर दर अंशागणिक उष्म्याने आजारी पडून दाखल होणाऱ्या अर्भकांचे प्रमाण शेकडा ४३ ने वाढत होते. तेथील प्रसूतिकक्ष इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीच्या लगोलग खाली होता. पुढे कारभाराच्या सोयीसाठी तो खालच्या मजल्यावर हलविण्यात आला, आणि अशा दाखल होणाऱ्या अर्भकांचे प्रमाण शेकडा ६४ ने घटले. यात कोणतेही नवे यंत्र आले नव्हते, नवे औषधही नव्हते. छप्पर आणि पाळणा यांच्यामध्ये काही मजले आले, एवढेच घडले. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेच्या लाटेला तोंड देण्यासाठी कृतियोजना आखली. दक्षिण आशियातील अशा प्रकारची ती पहिलीच होय.

असे असताही उष्मा म्हटला की पहिला विचार यंत्राचाच होतो. म्हणून यंत्राचे गणितही एकदा नीट पाहिले पाहिजे. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता उपसून बाहेर टाकते. विहिरीतून पाणी उपसताना विहीर जितकी खोल तितके श्रम अधिक, तसाच हा प्रकार आहे. आतले आणि बाहेरचे तापमान यांतील अंतर म्हणजे या विहिरीची खोली. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली उष्णतेच्या यंत्रांविषयी जी तत्त्वे मांडली, त्यांच्या आधारे या श्रमाची किमान मर्यादा काढता येते. खोलीत २४ अंश, म्हणजे निरपेक्ष मापाने २९७ अंश, राखावयाचे आहेत आणि बाहेर ३५ अंश आहेत असे समजा. फरक ११ अंशांचा. २९७ ला ११ ने भागले असता २७ येतात. म्हणजे सर्वस्वी निर्दोष यंत्र विजेच्या एका एककात उष्णतेची २७ एकके उपसू शकेल. बाहेर ४५ अंश झाले की फरक २१ चा होतो आणि तेच यंत्र जेमतेम १४ एकके उपसते. प्रत्यक्षातील यंत्रे या आदर्शाच्या पुष्कळ खाली, साधारणतः तीन ते पाच एककांच्या आसपास, चालतात. पण उतरण तीच असते. इकडे भिंतींतून आणि काचांतून आत शिरणारी उष्णताही याच फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ११ ची २१ होते. उपसावयाचे जवळजवळ दुप्पट आणि उपसण्याचे कष्टही जवळजवळ दुप्पट. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे निव्वळ भिंतींतून येणाऱ्या उष्णतेपुरते पाहता बाहेरचे तापमान दहा अंशांनी वाढताच विजेचा खर्च साडेतीनपटींहून अधिक होतो. बाजारातील यंत्राची शक्ती बहुधा बाहेर ३५ अंश असताना मोजून त्यावर छापलेली असते. नेमक्या ज्या दुपारी त्याची खरी गरज, त्या दुपारी ते छापील शक्तीला उतरत नाही, याचे कारण हेच.

या यंत्रांची शक्ती ‘टन’ या मापाने का सांगतात, हेही येथे सांगून टाकण्यासारखे आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उपसणारे यंत्र एक टनाचे. आजच्या मापाने सुमारे साडेतीन किलोवॅट. यंत्रे येण्यापूर्वी गारवा खरोखरच टनांनी विकला जात असे. अमेरिकेतील बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने गोठलेल्या तळ्यांतील बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्त्यास धाडला, तो १८३३ साली. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्या व्यापाराचे बर्फघर विवेकानंदांचे स्मारक होऊन अद्याप उभे आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी जी योजना केली, तिच्यापासून आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ धरतात. आणि तिचा हेतू माणसांना गारवा देणे हा नव्हताच. दमट हवेने कागद फुगे आणि रंगांची छपाई चुके. ती आर्द्रता काबूत आणावयाची होती.

हा आर्द्रतेचा मुद्दा भारतात तापमानाइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्वाचा आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प सामावून घेण्याची शक्ती शेकडा सुमारे सातने वाढते. तापलेल्या समुद्रावरून येणारा वारा म्हणूनच अधिक बाष्प घेऊन येतो. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ खोलीतून काढून तिचे पुन्हा पाणी करावयाचे तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता उपसावी लागते. मुंबई, कोची, कोलकाता अशा शहरांत यंत्राच्या कष्टाचा मोठा भाग या न दिसणाऱ्या पाण्यावर खर्च होतो. येथे ‘मोठे यंत्र बसवा म्हणजे झाले’ हा सल्ला अंगाशी येतो. गरजेहून मोठे यंत्र खोलीचे तापमान पाहता पाहता खाली आणते व थांबते. बाष्प काढून टाकण्याइतका वेळ ते चालतच नाही. खोली थंड होते पण ओलसर राहते, भिंतींना बुरशी येते आणि बसणारा माणूस बेचैन होऊन तापमान आणखी खाली उतरवितो.

विदर्भातील वाचकाला याच प्रश्नाची दुसरी बाजू घरबसल्या दिसेल. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून घर गार करण्याची चाल जुनी. तिचेच यांत्रिक रूप म्हणजे आजचा कूलर. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडते, या तत्त्वावर तो चालतो. तेव्हा हवा किती गार होऊ शकेल याची सीमा ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाने दाखविलेले तापमान ही होय. हवा ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता शेकडा १५ असेल, तर ओला तापमापक सुमारे २२.७ अंश दाखवील. कूलरने या अंतराचा तीनचतुर्थांश भाग कापला असे धरले, तर खोलीत सुमारे २८ अंशांची झुळूक येईल. आता दुसरा दिवस घ्या. हवा ३८ अंश, म्हणजे आधीपेक्षा पाच अंशांनी कमी. पण आर्द्रता शेकडा ५०. ओला तापमापक २९ च्या वर राहतो आणि त्याच कूलरमधून येणारी हवा ३१ अंशांहून अधिक तापलेली आणि भरीस भर म्हणून दमट असते. बाहेरचे ऊन उतरले आणि घरातले सुख हरपले! केवळ कमाल तापमानाचे आकडे पाहून घरे बांधणाऱ्यास हा भेद दिसत नाही. कूलर हे गरिबाला आणि मध्यमवर्गीयाला परवडणारे साधन आहे. हवेतील बाष्प वाढत गेल्यास पहिला आघात त्याच्यावर होणार, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

जुन्या घरांविषयी बोलताना अनेकांचा सूर हळवा होतो. जाड भिंतींचे वाडे, मधला चौक, उंच माळवद, राजस्थानातील जाळ्या, केरळातील उतरती कौलारू छपरे, यांतील शहाणपण नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते शहाणपण कोणत्या अटीवर चालत होते, हेही तपासावयास हवे. जाड भिंत उष्णता अडवीत नाही, ती उष्णता साठविते. साधी नऊ इंची विटेची भिंतही दुपारी घेतलेले ऊन सहा ते आठ तासांनी आत सोडते. त्याहून जाड भिंत आणखी उशिरा. रात्री बाहेरची हवा गार झाली, दारे-खिडक्या उघडल्या, की भिंत आपला साठा रिता करते आणि सकाळी नव्या दिवसाला सिद्ध होते. सगळा व्यवहार रात्रीच्या गारव्याच्या भरवशावर चाललेला असतो. आणि हवामान-बदलात नेमका हा भरवसाच खचत आहे. वर उल्लेखिलेल्या मूल्यमापनानुसार, उत्सर्जन बेसुमार वाढत राहिल्यास शतकाच्या अखेरीस उष्ण दिवसांची वारंवारता १९७६ ते २००५ या काळाच्या मानाने शेकडा ५५ ने, तर उष्ण रात्रींची शेकडा ७० ने वाढेल असा अंदाज आहे. शहरांत काँक्रीट आणि डांबर रात्रभर ऊब सोडीत राहतात आणि हजारो वातानुकूलन यंत्रे खोल्यांतली उष्णता गल्लीत ओततात, ते निराळेच. ज्या रात्री बाहेर ३२-३३ अंशांखाली पारा उतरत नाही, त्या रात्री जाड भिंत ही दिवसभराची उष्णता परत करणारी भट्टी ठरते. तेव्हा जुन्याची केवळ नक्कल करून भागणार नाही. भिंतीला आधी सावली पाहिजे, म्हणजे ती तापणारच नाही; आणि छपरावर उष्णतारोधक थर पाहिजे, तोही स्लॅबच्या वरच्या बाजूस, म्हणजे स्लॅब स्वतः साठवण करू शकणार नाही.

येथे मूळ प्रश्नाकडे वळता येते. इमारत कोणत्या हवेसाठी बांधावी? काही तज्ज्ञ म्हणतात, पुढच्या हवेचे अंदाज अनिश्चित आहेत. उत्सर्जन किती होईल हे कोणी सांगावे? त्यापेक्षा झालेल्या नोंदी खऱ्या. हा युक्तिवाद वरवर पाहता सावधपणाचा दिसतो. पण मागचे आकडे वापरणे हेही एक भाकीतच आहे. पुढे काहीही बदलणार नाही, असे ते भाकीत होय. आणि सगळ्या भाकितांत खोटे ठरण्याची खात्री फक्त त्या एकाचीच देता येते. याउलट शतकाच्या अखेरीचे ४.४ अंशांच्या वाढीचे टोकाचे अनुमान धरून आजच त्याला पुरणारी यंत्रे बसविणे हाही अविवेक होईल. उत्तर सापडते ते इमारतीच्या निरनिराळ्या भागांच्या आयुष्यात. वातानुकूलन यंत्राचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. ते झिजले की नवे येते आणि त्या वेळच्या हवेनुसार निवडता येते. भिंती, खिडक्यांची दिशा, मजल्याची उंची, छज्जे आणि छप्पर हे मात्र इमारतीबरोबरच जन्मतात व तिच्याबरोबरच जातात. म्हणून यंत्र आजच्या हवेला बेतून घ्यावे आणि भिंत-छप्पर चाळीस वर्षांनंतरच्या हवेला. आज सर्वत्र चालते ते याच्या नेमके उलट: भिंती-छपरात जेवढी काटकसर करता येईल तेवढी करावयाची, आणि तिचे प्रायश्चित्त यंत्राकडून, म्हणजे राहणाऱ्याच्या वीजबिलातून, घ्यावयाचे. बांधणारा एक आणि बिल भरणारा दुसरा असल्यामुळे ही चाल मोडत नाही.

शिवाय यंत्रांवरच भिस्त ठेवण्याचे परिणाम एका घरापुरते राहत नाहीत. केंद्र शासनाने मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारत शीतलीकरण कृतियोजनेत असे दाखविले होते, की २०१७-१८ मध्ये देशातील शेकडा सुमारे ८ घरांतच वातानुकूलन यंत्र होते. आणि इमारतींतील शीतलीकरणाची मागणी पुढील वीस वर्षांत जवळजवळ अकरापट होईल. ही वीज कोळशावर निर्माण झाली तर हवा आणखी तापणार. यंत्रातील प्रशीतक वायूंचेही तसेच आहे. पूर्वी सर्रास वापरात असलेला आर-२२ आणि त्याची जागा घेणारा आर-४१०ए यांचा एक किलोग्रॅम हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने अनुक्रमे सुमारे १८०० व २१०० किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडइतकी ऊब साठून राहते. आर-३२ ची हीच संख्या ६७५ च्या आसपास आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून, त्या कराराखाली हायड्रोफ्लुओरोकार्बन वर्गातील वायूंचा वापर २०४७ पर्यंत शेकडा ८५ ने घटवावयाचा आहे. हे सर्व योग्यच. पण ज्या उष्णतेला छपरावरच अडविले, ती उपसण्यासाठी कोणताच वायू लागत नाही, ही गोष्ट कराराच्या चर्चेत मागे पडते.

छपराविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. मे महिन्याच्या मध्यान्ही गच्चीच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट सूर्यप्रकाश पडतो. काळवंडलेले काँक्रीट त्यातील बहुतांश गिळते. स्वच्छ पांढरा थर बहुतांश परतवून लावतो. चुन्याची सफेदी देण्यास फार खर्च येत नाही, फक्त ती वरचेवर द्यावी लागते आणि धूळ धुवावी लागते. तेलंगण राज्याने २०२३ साली शीतल छपरांचे धोरण जाहीर करून शासकीय व मोठ्या इमारतींना ते बंधनकारक केले. केंद्राने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ ठरविली, तीत छपरातून दर चौरस मीटरला तापमानाच्या दर अंशास १.२ वॅटहून अधिक उष्णता आत येऊ नये, असे म्हटले आहे. मर्यादा अगदी कडक नाही. तरीही केवळ काँक्रीटची उघडी गच्ची तीत बसत नाही. अडचण अशी, की असे नियम राज्यांनी आणि नगरपालिकांनी स्वीकारल्याखेरीज अमलात येत नाहीत. आणि पत्र्याच्या छपराखाली भाड्याने राहणारे जे लाखो लोक, त्यांच्या खोल्या कोणत्याही संहितेच्या कक्षेत मुळी येतच नाहीत. खरी कसोटी तेथे आहे.

किती गारवा पुरेसा, यासंबंधीही काही रूढ समजुती सोडाव्या लागतील. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी देशातील पाच हवामानांच्या पाच शहरांतून कार्यालयांत काम करणाऱ्यांची सहा हजारांवर उत्तरे जमविली. त्यांत असे दिसून आले, की वाऱ्यावर चालणाऱ्या इमारतींतील माणसांना ऋतूनुसार १९.६ पासून २८.५ अंशांपर्यंतचे तापमान सुखाचे वाटते. हा निष्कर्ष २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आला. अर्थात वर पंखा फिरत असेल आणि अंगावर सुती कपडे असतील तर वर्षभर २२ अंशांचा हट्ट धरण्याचे कारण नाही. १ जानेवारी २०२० पासून ताऱ्यांचे मानांकन असलेली खोलीतील वातानुकूलन यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर असावीत असा नियम झाला, तो याच दिशेचा. उन्हाळ्यात कोट-टाय घालून बसणाऱ्यांसाठी देशाने किती वीजकेंद्रे बांधावीत, हा प्रश्न तांत्रिक नव्हे. पण तो विचारावयास हरकत नाही.

थंड प्रदेशाचे काय? लेहसारख्या ठिकाणी घर तापविणे हीच चिंता. तेथे दक्षिणाभिमुख काच आणि तिच्यामागे ऊन साठविणारी मातीची जाड भिंत, या योजनेने हिवाळ्यात जळण वाचते. जाड भिंतीचे जे गुण मैदानी उन्हाळ्यात निरुपयोगी ठरू लागले आहेत, ते तेथे कामास येतात. तापमानवाढीने तापविण्याची गरज थोडी घटेल, हा लाभच म्हणावयाचा. परंतु वर्षाकाठी जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात ऑगस्ट २०१० मध्ये ढगफुटी झाली, तेव्हा मातीची घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली. कोरड्या हवेसाठी रचलेल्या सपाट मातीच्या छपरांना पावसाची सवय नव्हती. म्हणजे तेथेही प्रश्न केवळ तापमापकाचा नाही.

या साऱ्या विचाराला ज्या नोंदींचा आधार, त्या नोंदी करणाऱ्यांचे स्मरण येथे उचित होईल. हवामानशास्त्र विभागातील अॅना मणी यांनी पुण्यात उपकरणे जुळवून १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने देशभर सूर्यप्रारण मोजणारी केंद्रे उभारली आणि १९८० साली त्या मोजमापांचा ग्रंथ सिद्ध केला. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने भारतीय घरांतील उष्म्याचा अभ्यास स्वातंत्र्यानंतर लगेच हाती घेतला. त्यांचे आकडे आज जुने होत असतील तर तो त्यांचा दोष नव्हे. तेच आकडे अजून नव्या आराखड्यांत वापरणाऱ्यांचा आहे. रचना-तापमानाची कोष्टके दर दहा वर्षांनी नव्याने काढावीत, त्यांत रात्रीचे किमान तापमान आणि ओल्या तापमापकाचा आकडा कमाल तापमानाच्या बरोबरीने छापावा, आणि पुढील चाळीस वर्षांचे अंदाजही शेजारच्या रकान्यात द्यावेत. एवढे केले तरी सार्वजनिक इमारतींचे आराखडे निराळे दिसू लागतील.

आज बांधली जाणारी शाळा २०८० साली बहुधा उभी असेल. बहुतेक शाळांना वातानुकूलन यंत्र मिळणार नाही आणि मिळण्याची गरजही पडू नये. वर्ग उत्तर-दक्षिण उघडणारे असावेत, पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर खिडक्या नसाव्यात, पडवी रुंद असावी, गच्ची पांढरी असावी, एवढ्या गोष्टी आराखड्यातच बसवाव्या लागतात. मागाहून त्या बसत नाहीत. छपराचा प्रभाव विद्यार्थ्यांना स्वतः पडताळून पाहता येण्यासारखा आहे. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्यावेत, एकाला बाहेरून चुना द्यावा आणि दुसऱ्याला काजळी, दोहोंत एकेक तापमापक ठेवून ते उन्हात मांडावेत. तिसरा तापमापक सावलीत टांगावा आणि चौथ्याच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळावी. सकाळी दहापासून चार वाजेपर्यंत दर तासाला चारही आकडे वहीत उतरवावेत, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच जागी, त्याच तारखांना पुन्हा उतरवावेत.